पंच्याऐंशीची लेन्स आणि दहा फुटांची खोली

लग्नघरात मला कोणी नावाने हाक मारत नाही. सगळ्या ‘फोटोवाली वहिनी’ म्हणतात आणि मला ते बरं वाटतं. कॅमेरा तोंडासमोर धरला की माझ्याशी कोणी फार बोलत नाही, मलाही बोलावं लागत नाही. चौथीनंतर शाळा सुटली. लग्न होऊन पनवेलला आले तेव्हा घरात चार माणसं आली की मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहायचे. आमच्या ह्यांचा फोटो स्टुडिओ होता. ह्यांनी माझ्या हातात कॅमेरा दिला तो मला धीट करायला नव्हे, अडचण होती म्हणून. इकडच्या कोकणी मुसलमान घरांत लग्नात बायकांच्या बाजूला पुरुष फोटोग्राफर चालत नाही. तेव्हा बाहेर हे आणि आत मी, अशी वाटणी झाली. पुढे हे गेले, स्टुडिओच्या जागी मोबाइल दुरुस्तीचं दुकान आलं, तरी माझं काम टिकलं ते त्या आतल्या खोल्यांमुळे.

दिवाळी अंकांत पोस्टमन, नर्स, कंडक्टर आपापल्या कामाच्या हकिकती लिहितात, त्या मी आवडीने वाचते. माझी हकिकत कुठे पाठवायची नाही. पण लिहायचीच तर समजेल अशी लिहावी, म्हणून आधी कॅमेऱ्याचं सांगते. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

लेन्समधून आत पडणारं चित्र चौकोनी नसतं. ते गोल असतं, ताटात थापलेल्या वडीसारखं. त्या गोलातून चौकोन कापून घेतो तो सेन्सर. फुल फ्रेमचा सेन्सर मोठा, पूर्वीच्या रोलवरच्या एका फोटोएवढा, तो ताटातून मोठी वडी कापतो. क्रॉपचा सेन्सर लहान. तो मधलाच तुकडा घेतो, कडेचं ताटात राहतं. लेन्स तीच आणि उभं राहायची जागाही तीच असली तरी क्रॉपमध्ये नवरी येते आणि तिच्या शेजारची आत्या बाहेर राहते. आत्या घ्यायची तर मागे सरकायचं. आणि आमच्याकडच्या खोल्यांत मागे सरकायला गेलं की भिंत लागते.

लेन्सचा आकडा जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं. कितीतरी वर्षं माझ्याकडे क्रॉपच होता आणि त्यावर पन्नासची लेन्स. ती त्याच्यावर पंचाहत्तरसारखी वागते, म्हणजे सगळं जवळ आणि सगळं कापलेलं. बेलपाड्याला एका हळदीत सगळ्या बायकांना घ्यावं म्हणून मी मागे मागे गेले आणि पाण्याच्या पिंपावर आदळून अर्धी आत गेले. धवलारीण गात होती. धवलारीण म्हणजे लग्नाचे विधी गाण्यांतून पार पाडणारी जाणती बाई, आगरी घरांत तिच्याशिवाय लग्न लागत नाही. तिने गाणं अर्ध्यावर सोडलं आणि ओरडली, “अगो, फोटूवाली बुरली! नवरीच्या आदी हिलाच आंगोल!” सगळी हळद हसली. मी बाहेर आले ती कॅमेरा डोक्यावर धरून. नंतर ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “माजा फोटू कोन काडत नाय बग. गला माजा नि फोटू नवरीचा.” तिचा मी काढला. ओल्या साडीत थरथरत काढला, तरी हलला नाही. माझ्या कामातल्या ज्या थोड्या गोष्टींचा मला अभिमान आहे त्यांत तो फोटो आहे.

आता दुसरी गोष्ट, चेहऱ्याची. लोकांना वाटतं, रुंद लेन्स, म्हणजे लहान आकड्याची, जास्त पसारा घेणारी, चेहरा बिघडवते. ती बिघडवत नाही. ह्यांनी मला पहिल्यांदा हेच शिकवलं होतं, “लेन्सला दोष देऊ नकोस, तू कुठे उभी आहेस ते बघ.” रुंद लेन्समध्ये माणूस भरायचा तर त्याच्या अगदी जवळ जावं लागतं. जवळ गेलं की नाक पुढे येतं, कान मागे जातात, गालाचा खड्डा असेल तर तो खोल दिसतो, पुढे ठेवलेला हात मोठा होतो. तेच लांब उभं राहून पंच्याऐंशीच्या लेन्सने काढलं की चेहरा शांत होतो. खड्डे भरल्यासारखे वाटतात, मागचं सगळं धूसर होतं. पण लांब उभं राहायला लांबी हवी. क्रॉपवर पंच्याऐंशी लावली तर दहा फुटांच्या खोलीत एका बाईचा फक्त चेहरा येतो. फुल फ्रेमवर तीच लेन्स लावून दाराच्या चौकटीत उभं राहिलं तर दोघी जणी कमरेपर्यंत येतात. उलव्याचा एक फोटोग्राफर धंदा सोडून बांधकामावर सुपरवायझर झाला, त्याचा वापरलेला फुल फ्रेम मी घेतला तो एवढ्याचसाठी. त्यातली इंग्रजी मी वाचत नाही, खुणा आणि आकडे ओळखते. शिवाय मोठ्या सेन्सरला उजेड कमी लागतो. पडदे ओढलेल्या खोलीतही फ्लॅश मारावा लागत नाही, बायका दचकत नाहीत.

माझा एक नियम होता. बायकांच्या बाजूचे फोटो मी लॅबच्या कॉम्प्युटरवर कधी जाऊ दिले नाहीत. लग्न आटोपलं की मी त्या घरी जायचे, टीव्हीला कॅमेरा जोडायचे आणि घरातली मोठी बाई एकेक फोटो बघून ठरवायची. ठेवायचे ते वेगळे काढायचे. बाकीचे तिथेच, तिच्या डोळ्यांदेखत पुसायचे आणि रिकामं कार्ड तिला दाखवायचं. डोक्यावरून पदर सरकलेला, मुलाला पाजताना, हसताना दात दिसलेले, असे फोटो बाहेर जाणार नाहीत याची खात्री असे, म्हणून माझ्यापुढे बायका मोकळ्या राहायच्या. पनवेलपासून आपट्यापर्यंत मला बोलावणी यायची ती माझे फोटो फार सुंदर होते म्हणून नव्हे, या नियमामुळे.

रशीदाभाभीच्या घरचं हे तिसरं लग्न. तिच्या दोन पुतण्यांच्या वेळी मीच होते. आता तिच्या स्वतःच्या मुलीचं, नाझचं. नवरा जाऊन काही वर्षं झालेली, मुलगा जुनैद आखातात, दोह्याला. जुन्या पनवेलमध्ये मशिदीमागच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर राहायची. तारीख सांगायला म्हणून मला घरी बोलावलं. दार उघडलं तिला मी ओळखलंच नाही. एवढी अंगाने भरलेली बाई, हसली की खुर्ची हलायची. समोर होती ती तिची सावली. डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला.

“बघतेस काय, वहिनी? मीच आहे,” ती म्हणाली. “पोटात गाठ निघाली. मुंबईला जाऊन औषधं घेतली, केस गेले, भूक गेली. आता डॉक्टर म्हणतात, घरी आराम करा. याचा अर्थ मला कळतो.”

तीच बोलत राहिली. जुनैदला यातलं काही माहीत नव्हतं. वडील आजारी पडले तेव्हा तो तिकडची नोकरी टाकून आला होता. वडील गेले, नोकरीही गेली आणि मग कितीतरी दिवस तो याच खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. आता नवी नोकरी लागली होती, बहिणीच्या लग्नालाही रजा मिळत नव्हती.

“कळलं तर तो उद्याच्या विमानाने येईल. येऊन काय करेल? मला मरताना बघेल आणि परत त्या भिंतीकडे तोंड करून पडेल. मला ते नको. त्याला शक आलाय. व्हिडिओ कॉल केला की मी फोन उलटा ठेवते. काल म्हणाला, अम्मी, मी तुझ्याशी बोलतोय की पंख्याशी?” ती हसली आणि हसताना पोट धरून बसली. “आता हटून बसलाय, शादीचे फोटो पाठव, तुझे पाठव. वहिनी, तुला येतं ते. मला पहिल्यासारखी काढ. एक फोटो असा काढ की पोरगा गप्प होईल.”

मी मान हलवली. एवढंच मला जमतं.

मेहंदीच्या दिवशी जिन्यात नाझने मला अडवलं. दोन्ही हात ओल्या मेहंदीचे, त्यामुळे कोपराने माझी पिशवी अडवून धरली.

“काकी, अम्मीने तुम्हाला काय सांगितलं मला माहितीये. तुम्ही तसं करू नका. ती आहे तशी काढा.”

“तूच सांग ना भावाला,” मी म्हणाले.

“कसम घातलीय तिने. कुराणावर हात ठेवायला लावला. मी तोंडाने सांगू शकत नाही. पण फोटोने सांगितलं तर माझी कसम मोडत नाही.” तिचे डोळे भरले होते आणि मेहंदीमुळे तिला पुसता येत नव्हते. मी माझ्या पदराने पुसले. “तो आला नाही ना काकी, तर आयुष्यभर मला विचारेल, तू तिथेच होतीस, मला का नाही कळवलंस?”

तिलाही मी मान हलवली.

लग्नाच्या दिवशी पिशवीत दोन्ही कॅमेरे होते. एरवी जुना क्रॉप मी अडीअडचणीला म्हणून न्यायचे, त्या दिवशी ठरवून नेला. निकाहच्या आधी नाझ सजून तयार झाल्यावर मी बाकीच्यांना बाहेर पाठवलं आणि मायलेकींना पलंगाच्या कडेवर बसवलं. खोली दहा फुटांची. मी फुल फ्रेमला पंच्याऐंशी लावली आणि दाराच्या चौकटीला पाठ टेकून उभी राहिले. खिडकीवर पांढरी ओढणी टांगून उजेड मऊ केला. भाभीला थोडं तिरकं बसवलं, आत गेलेला गाल नाझच्या खांद्याआड येईल असं. हिरव्या ओढणीचा काठ कपाळावर पुढे घेतला. मागच्या कपाटावरची औषधं लेन्सने आपोआप धूसर केली. नाझ माझ्याकडे एकटक बघत होती, रागाने नव्हे, आठवण करून दिल्यासारखी. मी बटण दाबलं. मागच्या स्क्रीनवर बघितलं तर माझाच विश्वास बसेना. भाभी पूर्वीची होती. आयुष्यात मी यापेक्षा चांगला चेहरा काढलेला नाही.

मग मी जुना कॅमेरा काढला. त्याला मी घरूनच रुंद लेन्स लावून आणली होती. दोन पावलं पुढे गेले, आणखी पुढे गेले, पलंगाजवळ गुडघे टेकले. भाभीला वाटलं मी काही उचलायला वाकले. ती माझ्याकडे वळली आणि मी एकच फोटो काढला.

वलिमा, म्हणजे मुलाकडचं लग्नाचं जेवण, झाल्यावर मी फोटो दाखवायला गेले. नाझ सासरी, भाभी एकटीच. तिला बसवत नव्हतं, उशांना टेकून पडली होती. टीव्हीवर एकेक फोटो येत गेला. तो पंच्याऐंशीचा आला तेव्हा तिने बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, “सुभानल्ला. ही तर अजून वीस वर्षं जगेल.” मग म्हणाली, “हाच पाठव त्याला. माझ्यासमोर पाठव.”

मी कार्ड माझ्या फोनला जोडून पाठवला. तिकडून लगेच उत्तर आलं. तिने मला मोठ्याने वाचायला लावलं. ‘अम्मी तर नवरीपेक्षा जवान दिसतेय! आता मी बेफिकीर. ईदला येतो.’

ती डोळे मिटून पडून राहिली. मी वायर गुंडाळायला लागले. तेव्हा डोळे न उघडता तिने विचारलं, “आणि त्या दुसऱ्या कॅमेऱ्यातला?”

तिने बघितलं होतं तर. माझे हात तिथेच थांबले. नाही म्हणाले असते तर तिने ऐकलं असतं, तिच्यात उठायचीही ताकद नव्हती. पण घरातली मोठी बाई बघेल आणि ती ठरवेल, हा माझाच नियम. त्यावरच तर तिने मला घरात घेतलं होतं. मी जुना कॅमेरा टीव्हीला जोडला.

ती बघत राहिली. मी तिच्याकडे बघितलं नाही, टीव्हीकडेही नाही, फरशीकडे बघत राहिले.

“ही मी?” ती म्हणाली. मग, “खरा काढलास, वहिनी. नाझने सांगितलं असेल. पोरीला काय कमी दुःख आहे? पण हा पुस.”

मी पुसला. कार्ड रिकामं करून तिला दाखवलं.

दुसऱ्या दिवशी नाझचा फोन आला. “काकी, जुन्या कॅमेऱ्यातला?” मी म्हणाले, “अम्मीने ठेवले तेवढेच राहिले.” फोन बंद झाला. तिने मला परत कधी फोन केला नाही, आणि वाटेत भेटली तर सलाम करून पुढे जाते.

ईदच्या आधीच रशीदाभाभी गेली. जुनैद आला तेव्हा दफन होऊन गेलं होतं.

काही दिवसांनी तो माझ्या दारात आला. लहानपणी आमच्या स्टुडिओत पासपोर्टचा फोटो काढताना सारखा हसायचा, हे म्हणायचे, “अरे, आखाताचा साहेब हसणाऱ्याला आत घेत नाही.” आता दाढी राखलेला, रडून डोळे सुजलेला उंच माणूस. पाणी दिलं तर हातात धरून बसला.

“काकी, घरात जिकडेतिकडे तोच फोटो लावलाय,” तो म्हणाला. “येणारे-जाणारे सांगतात, अम्मी अशी झाली होती, तशी झाली होती. मला डोळ्यांसमोर येतच नाही. मी डोळे मिटले की ती हसताना दिसते, हिरव्या ओढणीत. ती माझ्यासाठी आजारी पडलीच नाही. सरळ गेली. तुमच्याकडे दुसरा एखादा असेल ना? कसाही चालेल. हललेला, कापलेला.”

तो रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

मी म्हणाले, “बघते.” तेही नको होतं म्हणायला.

पुसलेले फोटो परत आणतात असं ऐकलं होतं. जुन्या कॅमेऱ्यातलं ते कार्ड नंतर मी नव्यातही वापरलं होतं, ते घेऊन स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका दुकानात गेले. दुकानदार वयाने पोक्त होता, बोलायला चांगला. म्हणाला, “मधे बरीच लग्नं काढलीत ना ताई याच कार्डावर? खालचं किती शिल्लक असेल सांगता येत नाही. बघूया.” त्याने कार्ड लावलं आणि पडद्यावर फोटो यायला लागले. अर्धे, फाटल्यासारखे, खाली करड्या पट्ट्या. पण चेहरे ओळखू येत होते. न्हाऊन केस मोकळे सोडलेली उरणची एक मुलगी. कोपऱ्यात बाळाला पाजणारी एक बाई. पोट धरून हसणारी एक सासू, डोक्यावर काही नाही. हे सगळे मी त्यांच्यासमोर पुसले होते, रिकामं कार्ड दाखवून. आता ते एका परक्या माणसासमोर एकामागून एक वर येत होते, आणि दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती.

“बंद करा,” मी म्हणाले.

“अहो, अजून अर्धं कार्ड बाकी आहे. तुमचा फोटो पुढे असेल.”

“बंद करा.” आयुष्यात मी एवढ्या मोठ्याने कधी बोलले नव्हते. त्याने घाबरून मशीनच बंद केलं आणि निघालेलं सगळं माझ्यासमोर पुसलं. कार्ड घेऊन घरी आले आणि अडकित्त्याने त्याचे दोन तुकडे केले. पुढच्या अर्ध्यात तो फोटो होता की नाही, ते आता कोणालाच कळणार नाही.

दोह्याला परत जायच्या आदल्या दिवशी जुनैद पुन्हा आला. चपला न काढता दारातच उभा राहिला. “मिळाला का, काकी?”

“नाही,” मी म्हणाले.

“बरं,” तो म्हणाला. थोडा वेळ थांबला, मी आणखी काही सांगेन म्हणून. मग गेला.

त्यानंतरच्या पावसाळ्यात मी पंच्याऐंशीची लेन्स कपाटात तशीच ठेवली. आमच्याकडच्या दमट हवेत लेन्स बंद ठेवली की आत बुरशी धरते, म्हणून डब्यात बल्ब लावून ठेवायचा असतो. मी लावला नाही. आता उजेडाकडे धरली तर काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसतात. साफ करून मिळते, पण करून काय करायचं? बोलावणी येतात. मी बरं नाही म्हणून सांगते. लोकांच्या मुली हल्ली फोनवरच छान काढतात.

तो पुसलेला फोटो नीट बघितलेली आता मी एकटीच उरले आहे; भाभीला दाखवायच्या आदल्या रात्री कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर मी तो बराच वेळ बघितला होता. त्यात पुढे भाभीचे दोन हात आहेत, फार मोठे, कारण मी फार जवळ होते. नखांवर नाझने हट्टाने लावलेली मेहंदी, आणि मनगटावर सुई काढल्यावर चिकटपट्टीचा राहिलेला काळा चौकोन. त्या हातांत नाझचा हात घट्ट धरलेला, बांगड्या एकावर एक चढलेल्या. हातांच्या मागे चेहरा लहान. गालांची हाडं, डोळ्यांखाली काळं, ओढणी सरकलेली आणि कानाजवळ नवीन आलेले केस, तान्ह्या बाळासारखे. कपाटावर औषधांचा स्टीलचा डबा, झाकण उघडं. डोळे मात्र तिचेच आहेत, आणि सरळ माझ्याकडे बघतात. तोंड अर्धवट उघडं आहे, कारण तेव्हा ती मला विचारत होती, “वहिनी, सकाळपासून उभी आहेस, काही खाल्लंस का?”

एवढंच जुनैदला सांगायचं होतं, आणि तेवढं मला तोंडाने सांगता आलं नाही. तो दारात थांबला होता तेव्हा हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. फोटो असता तर मला बोलावं लागलं नसतं.